थोरल्या आईने ओलांडलेले उंबरे

थोरल्या आईचं, म्हणजे माझ्या वडिलांच्या आईचं, जन्मसाल कुठल्याही कागदावर नव्हतं. घरातली जुनी माणसं एवढंच सांगायची, ‘मानमोडीच्या साथीत ती पाळण्यात होती.’ मानमोडी म्हणजे 1918चा इन्फ्लुएन्झा. पावसाळा सरता सरता तो गावोगाव शिरला आणि घरंच्या घरं आडवी झाली. त्या साथीत तिची आई गेली. आजीनं तिला शेळीच्या दुधावर वाढवलं. ती आजी माळकरी होती. पहाटे जात्यावर बसायची, मांडीवर ही पोर आणि तोंडी विठ्ठलाच्या ओव्या. चालायला येण्याआधी थोरल्या आईच्या कानाला पंढरीचं नाव सरावलं होतं, असं थोरल्या आत्या सांगत.

तिच्या लग्नाचं साल मात्र सगळ्यांना पाठ होतं. चौदा वर्षांखालच्या मुलींच्या लग्नाला मनाई करणारा शारदा कायदा 1 एप्रिल 1930पासून लागू होणार, ही बातमी खेड्यापाड्यांत पोचली तशी मुलींच्या बापांची धांदल उडाली. त्या माघ-फाल्गुनात एकाच मांडवात दोन-दोन, तीन-तीन लग्नं लागली. त्यातलं एक हिचं. वय वर्षं बारा.

सासर मंगळवेढ्याकडचं. काळी जमीन, कोरडवाहू ज्वारी आणि पंढरपूर एका दिवसाच्या चालीवर. दुष्काळात बादशहाची कोठारं रयतेला उघडी करणारे दामाजीपंत इथले. गावकुसाच्या बांधकामावर वेठीला राबताना भिंतीखाली गाडले गेलेले चोखोबा इथेच गेले. त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपूरला नेल्या आणि महाद्वाराशी त्यांची समाधी झाली. थोरल्या आईला अक्षरओळख नव्हती, पण ही माणसं तिला शेजारपाजारच्यांइतकी ठाऊक होती. चोखोबांची गोष्ट सांगताना तिचा आवाज चढायचा. ज्यानं जन्मभर विठ्ठलाला हाका मारल्या, त्याला मेल्यावरही पायरीशीच जागा मिळाली, हे तिला पटत नसे.

मग 1947 उजाडलं. विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्य मानलेल्या भाविकांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी महाराष्ट्रभर फिरले होते. 1 मे रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात ते उपोषणाला बसले. आमच्या भागात पारांवर, बाजारात, विहिरीवर दुसरा विषय नव्हता. दहाएक दिवसांत बडव्यांनी मान्यता दिली आणि उपोषण सुटलं. मुंबई प्रांतात त्याच वर्षी मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. पण सनातन्यांपैकी काहींचा राग शमला नाही. मूर्तीतलं तेज मंत्रानं घागरीत काढून घेतलंय, आता राउळात उरलाय तो नुसता दगड, अशी बोलवा उठली. काहींनी यापुढे कळसाचंच दर्शन घ्यायचं ठरवलं. थोरल्या आईचे सासरे त्यांतले एक. त्यांनी घरात सांगून टाकलं, ‘आपल्यातलं कुणी आत जायचं न्हाई.’

थोरली आई तेव्हा तिशीच्या आतली, चार लेकरांची आई. सासऱ्यांपुढे डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी. पण त्या दिवशी चुलीपुढून उठून ती म्हणाली, ‘मामंजी, ज्येच्या दारात चोखोबा सहाशे वर्सं हुबा हाय, त्यो आत गेल्यावर देव बाटतो व्हय? बाटत असंल तर त्यो आपला पांडुरंग न्हवं.’

त्या सालच्या कार्तिकीची हकिकत आमच्या घरात दोन प्रकारे सांगतात. आमच्या घरची सगळी बाळंतपणं करणारी सुईण वेशीबाहेरच्या वस्तीतली. तीही वारी करायची, पण चोखोबांच्या समाधीला डोकं टेकवून महाद्वारातूनच माघारी फिरायची. काकांच्या सांगण्याप्रमाणे त्या कार्तिकीला थोरल्या आईनं सुईणीचा हात धरून तिला आत नेलं. थोरल्या आत्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या आणि आईच्या पदराला धरून बारीत उभ्या होत्या. त्या म्हणायच्या, ‘हात-बीत काही धरला नव्हता. महाद्वारात सुईणीचे पाय थांबले. आईनं तिला म्होरं घातलं आणि आपण मागं उभी राहिली.’ मला आत्यांचं म्हणणं खरं वाटतं. त्यात थोरली आई अधिक दिसते. विठ्ठलाच्या पायांवर आधी सुईणीचं डोकं टेकलं, मग तिचं.

सासऱ्यांनी वर्षभर तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. पाणी जाऊबाई द्यायच्या. थोरल्या आईनं त्यांच्या सेवेत कसूर केली नाही, पण आपलं चुकलं असं एकदाही म्हणाली नाही. सासरे अखेरपर्यंत दुरून कळसालाच हात जोडत राहिले.

आजोबा गेले ते 1956चा हिंदू वारसा कायदा आल्यानंतर थोड्याच दिवसांत. जमिनीत विधवेचाही हिस्सा आहे, हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे, पण दिवसकार्य आटोपल्यावर ती चावडीत तलाठ्यापुढे जाऊन बसली. दीर म्हणाले, बायामाणसाचं नाव सातबाऱ्यावर कशाला? ती म्हणाली, ‘पेरायला मी, खुरपायला मी, नाव लावायला बी मीच.’ फेरफारावर तिचा अंगठा उठला. त्यानंतर शेतीचा सगळा कारभार तिच्या हातात आला, आणि एकादशी कधी चुकली नाही.

इथपर्यंतची गोष्ट घरात सगळे अभिमानानं सांगतात. पुढची माझ्या आईनं सांगितली. आई सून म्हणून घरात आली तेव्हा तिनं पाहिलं, गोठ्याच्या वळचणीला एक जर्मनचा पेला खोचलेला असे. तो सुईणीचा. ती आली की तो स्वतः काढायची, अंगणात बसायची आणि थोरली आई वरून चहा ओतायची. देवळात जिला पुढं घातलं, तिला घराच्या पायरीच्या वर बोलावलेलं आईनं पाहिलं नव्हतं.

1972 साली पाऊस साफ गेला. आधीची दोन वर्षंही कोरडीच होती. मे 1973मध्ये महाराष्ट्रात सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी, नालाबंडिंग, पाझर तलाव. ज्यांच्या घरच्या बाया कधी दुसऱ्याच्या बांधावर गेल्या नव्हत्या, त्याही हातोडी घेऊन खडी फोडत बसल्या. मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या, पोरांना सुकडी मिळाली. चोपन्न-पंचावन्न वर्षांची थोरली आई सुनांबरोबर कामावर जायची. एका दुपारी उन्हानं तिला भोवळ आली. शेजारी सुईणीची सून खडी फोडत होती. तिनं थोरल्या आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि आपल्या तांब्यातलं पाणी तिच्या तोंडाला लावलं. थोरली आई ते पाणी घटाघटा प्यायली.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं वळचणीचा पेला काढला, राखेनं घासला आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर आमच्या पेल्यांत ठेवून दिला. वडिलांनी विचारलं तेव्हा म्हणाली, ‘पांडुरंगाच्या पायाला तिचं डोकं लागलं तवा मी मागं हुबी हुते. घरात मातुर तिला पंचवीस वर्सं दारात ठिवली.’ दुसऱ्या दिवशी तिनं म्हाताऱ्या सुईणीला बोलावून घेतलं, चुलीपुढं पाट मांडून बसवलं आणि दोघींनी सोबत चहा घेतला.

थोरली आई नव्वदी ओलांडून गेली. तिच्या तेराव्याला जमलेल्या पाहुण्यांना काकांनी देवळाची गोष्ट सांगितली, पेल्याची सांगितली नाही. त्यात आपल्या आईचा कमीपणा होतो असं त्यांना वाटलं असावं. मला उलट वाटतं. देवळाचं दार उघडायला गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले, आणि त्या उघड्या दारातून आत जायचं धैर्य तिच्या भक्तीनं तिला दिलं. घराच्या दारापुढे मात्र कुणी उपोषणाला बसलं नव्हतं. ते उघडायचं तर आतल्याच माणसानं, आपण इतकी वर्षं काय केलं ते मान्य करून उघडायचं. पंचावन्नाव्या वर्षी, कुणी न सांगता, तिनं ते केलं. तिची भक्ती तोवर थांबली नव्हती, वाढतच होती. म्हणून घरातल्या पुढच्या पोरांना मी दोन्ही गोष्टी सांगते, आणि पेल्याची आधी सांगते.