सरकीचा इतिहास

मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान, नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर वडनेर भोलजी हे गाव आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील या काळ्या जमिनीचा इतिहास सामान्यतः कापसाचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि त्यात रेल्वे, गाठी व बाजारभाव यांचीच चर्चा असते. परंतु कापूस म्हणजे केवळ रुई नव्हे. रुईच्या पोटात सरकी असते, आणि सरकी हेच पुढील वर्षाचे बियाणे. ही सरकी शेतकऱ्याच्या घरातून कशी बाहेर पडली, हे पाहिले म्हणजे तंत्रज्ञान आणि सत्ता यांचे नाते अधिक स्पष्ट होते.

यंत्रयुगापूर्वी कापूस घरोघरी रेच्यावर पिळला जाई. रुई विकली जाई, सरकी घरीच राही. काही जनावरांच्या आंबोणात जाई, काही पेरणीसाठी राखली जाई. कोणत्या शेतातील बोंड चांगले, कोणते झाड पावसाच्या ओढीला टिकले, ही पारख त्या राखण्यातच सामावलेली होती.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धाने मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि लिव्हरपूलच्या बाजाराचे लक्ष हिंदुस्थानकडे वळले. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये जलंब-खामगाव हा फाटा सुरू झाला, तो मुख्यतः खामगावच्या कापूस बाजारासाठी. कापूस बाहेर नेण्यासाठी जे जे तंत्र लागत होते, ते वऱ्हाडात तत्परतेने आले.

त्यापाठोपाठ वाफेवर चालणारे जिन आले. आता शेतकरी सरकीसकट कापूस विकू लागला. अनेक गावांचा कापूस एकाच कारखान्यात पडे. तेथून निघणारी सरकी कोणाच्या शेतातील, कोणत्या जातीची, हे सांगता येत नसे. लांब धाग्याचा ‘बनी’ कापूस मागे पडला आणि आखूड धाग्याच्या, पण अधिक रुई देणाऱ्या जाती पसरल्या. भेसळीची चिंता सरकारलाही होती. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखाने कायद्याने नोंदवह्या आणि गाठींवरील खुणा सक्तीच्या केल्या. मात्र ही काळजी प्रामुख्याने गाठ विकत घेणाऱ्याची होती. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला. बांधबंदिस्ती, तळी, शेतीचे शिक्षण अशा त्यांच्या सूचनांत विज्ञानाला विरोध नाही; ते कोणाच्या दारी पोहोचावे, एवढाच प्रश्न आहे.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. १९७० मध्ये सुरत येथे ‘संकर-४’ हा व्यापारी लागवडीचा जगातील पहिला संकरित कापूस तयार झाला. उत्पादन वाढले; पण संकरित पिकाची सरकी पुन्हा पेरली तर झाडे एकसारखी येत नाहीत, म्हणून बियाणे दरवर्षी विकत घेणे आले. २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने बियाणे राखण्याचा, पेरण्याचा व देवघेवीचा हक्क शेतकऱ्याला दिला. पुढच्याच वर्षी, मार्च २००२ मध्ये, बीटी कापसाला मान्यता मिळाली, आणि तीही संकरित वाणांच्या रूपातच. कायद्याने एका हाताने दिलेला हक्क तंत्राने दुसऱ्या हाताने निरर्थक केला.

याला पर्याय नव्हता असे मात्र नाही. सार्वजनिक संशोधन संस्थांनी विकसित केलेला ‘बिकानेरी नरमा बीटी’ हा सरळ वाण, म्हणजे ज्याची सरकी राखता येईल असा, २००९ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला. त्यात खाजगी कंपनीचे जनुक आढळल्याने तो मागे घ्यावा लागला. दरम्यान गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राने त्याची जबर किंमत मोजली.

यावरून जुना रेचा परत आणावा, असा निष्कर्ष कोणी काढू नये. हिरव्या बोंडअळीवरील फवारण्या बीटीने सुरुवातीच्या वर्षांत कमी केल्या, हे मान्य करायलाच हवे. परंतु तेच जनुक सरळ वाणात घालायचे की संकरितात, हा निर्णय शास्त्राने सक्तीचा केलेला नव्हता. तो धोरणाचा निर्णय होता, आणि ज्याच्या शेतात ते बी पडणार होते त्याला तो कोणी विचारला नाही. दीडशे वर्षांत यंत्रे बदलली, राज्यकर्ते बदलले. पूर्णाकाठचा कास्तकार मात्र आजही मृगाच्या तोंडावर पाकीट विकत घेण्यासाठी दुकानाच्या रांगेत उभा राहतो.