पीडीएफ वाचनसाधने

पीडीएफ या संगणकीय स्वरूपातील दस्तऐवज पडद्यावर उघडून वाचण्यासाठी वापरली जाणारी यंत्रे व आज्ञावली. संगणकावरील वाचन-आज्ञावली, विजाणू शाईचा पडदा असलेली ई-वाचक यंत्रे आणि स्मार्टफोन यांचा त्यांत समावेश होतो. रोमन लिपीतील मजकुरासाठी या साधनांची तुलना मुख्यतः पडद्याचा आकार, वेग व किंमत यांवरून होते. देवनागरी मजकुराच्या बाबतीत फाइलीत अक्षरे कोणत्या रीतीने साठविली आहेत, हा प्रश्न त्याआधी येतो; आणि पोहरादेवी (जि. वाशिम) हे ज्यांचे श्रद्धास्थान आहे, त्या बंजारा समाजाच्या गोरबोलीसाठी तर तो अधिकच महत्त्वाचा ठरतो.

अ‍ॅडोबी या अमेरिकन कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये ‘कॅमलॉट’ नावाचा प्रकल्प मांडला. कोणत्याही संगणकावर व मुद्रकावर पान मुळाबरहुकूम दिसावे, हा त्याचा हेतू होता. त्यातूनच १९९३ मध्ये पीडीएफ व अ‍ॅक्रोबॅट ही आज्ञावली पुढे आली. वाचन-आज्ञावलीला आरंभी मूल्य पडे. पुढे ती विनामूल्य झाली व प्रसार झपाट्याने वाढला. २००८ मध्ये पीडीएफला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. सुमात्रा पीडीएफ, ऑक्युलर, मूपीडीएफ यांसारख्या मुक्त आज्ञावलीही उपलब्ध झाल्या. क्रोम (२०१०) व फायरफॉक्स (२०१३) या न्याहाळकांत वाचनाची सोय अंगभूतच आल्यामुळे सामान्य वाचकाला वेगळ्या आज्ञावलीची गरज फारशी उरली नाही.

मराठी ग्रंथांची संगणकीय जुळणी या काळात बहुधा खाजगी फाँटांनी होत असे. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिपींसाठी मोठे कार्य केले आणि १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानकही प्रसिद्ध झाले. तथापि छापखान्यांत रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागी देवनागरीचे तुकडे बसविणारे फाँटच रूढ राहिले. पीडीएफमध्ये फाँट अंतर्भूत करता येत असल्याने असे पान सर्वत्र सुबक दिसे. मात्र त्यातील ओळ उचलून दुसरीकडे ठेवली, की निरर्थक रोमन अक्षरे हाती येत. दिसणे आणि असणे यांतील ही फारकत मराठी दस्तऐवजांच्या एका संपूर्ण पिढीला चिकटून राहिली आहे.

युनिकोडमुळे हा दोष कमी झाला, नाहीसा झाला नाही. पीडीएफमध्ये मजकूर सामान्यतः अक्षराकृतींच्या क्रमांकांनी नोंदलेला असतो आणि त्या क्रमांकांचा मूळ वर्णांशी मेळ घालणारा तक्ता सोबत असेलच, असे नाही. शिवाय ऱ्हस्व वेलांटी युनिकोडमध्ये व्यंजनानंतर नोंदली जाते, पण पानावर ती व्यंजनाआधी रेखाटली जाते. आकृतींच्या दृश्य क्रमानेच मजकूर वाचणाऱ्या आज्ञावलीत त्यामुळे ‘पोहरादेवी’ हा शब्द शोधल्यास सापडतो, पण ‘वाशिम’ सापडत नाही. जोडाक्षरांची व रफारांची अडचण याहून बिकट असते. शोध घेण्याच्या, मोठ्याने वाचून दाखविण्याच्या वा अंध वाचकांच्या सोयींचा दर्जा ठरतो तो येथेच. छायाचित्रित पानांच्या पीडीएफमध्ये तर अक्षरेच नसतात. प्रकाशीय वर्णओळख करून ती नंतर भरावी लागतात आणि जुन्या, पुसट छपाईत तिच्याकडून पुष्कळ चुका होतात.

ई-वाचक यंत्रांचा इतिहास वेगळा आहे. भारित काळ्या-पांढऱ्या कणांच्या विजाणू शाईवर काम करणारी ई-इंक ही कंपनी १९९७ मध्ये निघाली. सोनीचे ‘लिब्रिए’ (जपान, २००४) आणि अ‍ॅमेझॉनचे ‘किंडल’ (२००७) यांनी ही शाई वाचकांपर्यंत नेली. पान स्थिर असताना वीज लागत नाही व डोळ्यांना ताण कमी पडतो, हे या पडद्याचे गुण. पण सहा इंची पडद्याची रुंदी सु. ९ सेंमी., तर ए-४ पानाची २१ सेंमी. पूर्ण पान बसविल्यास १२ पॉइंटांचे अक्षर सु. ५ पॉइंटांचे होते. शिरोरेषेवरील मात्रा-अनुस्वार व खालचे उकार परस्परांत मिसळतात. २००९ मधील ‘किंडल डीएक्स’चा ९·७ इंची पडदा यावरचाच उपाय होता. मजकूर पडद्याच्या मापाने नव्याने मांडण्याची सोय काही आज्ञावलींत असते. पण पीडीएफमधील देवनागरीच्या बाबतीत तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून मिळू लागली, ती मात्र प्रवाही मजकुराची; त्यांत अक्षराचा आकार वाढविला तरी ओळी बिघडत नाहीत.

महाराष्ट्रात पीडीएफ घरोघर पोहोचविली ती मात्र ई-वाचकाने नव्हे, तर स्मार्टफोनने. २०१६ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठविण्याची सोय आली आणि त्याच वर्षी मोबाइल इंटरनेट स्वस्त झाले. बालभारतीची पाठ्यपुस्तके व शासननिर्णय याच स्वरूपात वाचले जातात. २०२० च्या टाळेबंदीत छापील अंकांचे वितरण खंडित झाल्यावर वृत्तपत्रेही याच रूपाने फिरली.

पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी असून रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक, तेलंगण व आंध्र प्रदेशातूनही बंजारा भाविक येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले. गोरबोलीला सर्वमान्य अशी स्वतंत्र लिपी नाही. ती महाराष्ट्रात देवनागरीत, कर्नाटकात कन्नड लिपीत, तर तेलंगण व आंध्रात तेलुगू लिपीत लिहिली जाते. त्यामुळे एका प्रांतात छापलेले गीत दुसऱ्या प्रांतातील तांड्यात ऐकून समजते, वाचता येत नाही. इस्कीने ब्राह्मीजन्य लिपींना समान सांकेतिक रचना दिली व युनिकोडने तीच पायाभूत धरली. म्हणून मजकूर खऱ्या वर्णांत साठविलेला असेल, तर आज्ञावलीच्या साहाय्याने तो देवनागरीतून कन्नड वा तेलुगू लिपीत उतरविता येतो. ऱ्हस्व व दीर्घ ए-ओ यांचा भेद देवनागरीत सहसा दाखविला जात नसल्याने तेवढे हाताने तपासावे लागते. पानाची केवळ प्रतिमा असलेल्या किंवा खाजगी फाँटातील पीडीएफमध्ये हे लिप्यंतर थेट साधत नाही, मग वाचनयंत्र कितीही मोलाचे असो. असे साहित्य पुन्हा टंकलिखित करावे लागते.