दफनभूमीची भिंत आणि शाळेचा बाक

धर्म एक असला म्हणजे मने एक होतातच असे नाही. अमेरिकन लेखक चाइम पोटोक ह्यांच्या ‘द चोझन’ ह्या १९६७ सालच्या कादंबरीत ब्रुकलिनमधील दोन यहुदी मुले जिवलग मित्र होतात. पण एकाचे वडील हसिदी पंथाचे धर्मगुरू, तर दुसऱ्याचे नव्या दृष्टीचे शिक्षक. पित्यांचा मतभेद पुत्रांच्या मैत्रीआड येतो. हाच पेच मुंबईनेही पाहिला आहे.

कोकणातील बेने इस्राएल तेल गाळीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची भाषा मराठी, आडनावे गावांवरून पडलेली. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर ह्यांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. पुढे डेव्हिड ससून ह्यांच्यासारखे बगदादी व्यापारी आले. त्यांची घरची भाषा अरबी. दोघांचा शब्बाथ एक, प्रार्थनेची हिब्रू एक. तरीही बगदादींना बेने इस्राएलांच्या वंशशुद्धीची शंका वाटे. १८३६ साली सामायिक दफनभूमीत भिंत घालू द्यावी, असा अर्ज काही बगदादी पुढाऱ्यांनी सरकारकडे केला.

हा नुसता गर्व नव्हता. परमुलखात आपली रीत मुलांच्या हातून निसटेल, ही धास्ती पित्याला असतेच. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी लष्कर वसविल्यावर ग्वाल्हेरीस स्थिरावलेल्या मराठी घरांना ती परकी वाटणार नाही.

भिंतीला उत्तर शाळेने दिले. १८७५ साली हाईम शमुवेल केहिमकर ह्यांनी बेने इस्राएल मुलांसाठी शाळा काढली. पुढे तिला मोठे साहाय्य केले ते सर एली कदूरी ह्या बगदादी गृहस्थानेच. माझगावची ती शाळा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९२५ साली डॉ. जेरुशा झिराड ह्यांनी उदारमतवादी संघ स्थापिला. आता जुने-नवे हा भेद बेने इस्राएलांच्या स्वतःच्या समाजातच उभा राहिला.

जुनी शंका मात्र इस्राएलपर्यंत पोहोचली. १९६२ साली तेथील धर्मपीठाने बेने इस्राएल वधूवरांच्या पूर्वजांची चौकशी आवश्यक ठरविली. आईबापांच्या कुळाचा जाब लेकरांस द्यावा लागला. मोठ्या निदर्शनांनंतर, १९६४ साली, तेथील संसदेने त्यांस सर्व बाबतींत समान यहुदी म्हणून मान्य केले.

पित्याने रीत अवश्य द्यावी. तिच्याबरोबर शंकेचा वारसा मात्र देऊ नये. मुले एका बाकावर बसली, की तो वारसा त्यांना आपोआप जड वाटू लागतो.