वादी अल-कबीर ते शरीश : द्राक्षमळ्यांचा अन्दालुस

आपल्याकडे अन्दालुसचा विषय निघाला की कुर्तुब्याची मशीद, तिथली ग्रंथालये आणि ग्रानाडाचा अलहम्ब्रा यांच्यापुढे बोलणे सहसा जात नाही. पण याच मुलुखाच्या नैर्ऋत्य टोकाला, अटलांटिक महासागराच्या काठावर, द्राक्षमळ्यांचा एक मोठा पट्टा आहे. तिथल्या मद्याला जग ‘शेरी’ म्हणून ओळखते. हे नाव मुळात अरबी आहे. आज ज्या शहराला हेरेस म्हणतात, त्याला मुसलमानांच्या काळात ‘शरीश’ म्हणत. इंग्रज व्यापाऱ्यांच्या तोंडी त्याचे ‘शेरी’ झाले.

इस्लाममध्ये मद्य हराम आहे. मग पाचशेहून अधिक वर्षे मुस्लिम अमलाखाली राहिलेल्या या प्रदेशात द्राक्षमळे टिकले कसे? याची दोन तयार उत्तरे असतात. एक बाजू म्हणते, ‘ते सगळे पीतच होते, धर्म नावापुरता.’ दुसरी बाजू म्हणते, ‘तो आपला सुवर्णकाळ, त्यात असले काही नव्हतेच.’ दोन्ही उत्तरे देणाऱ्यांना इतिहास वाचण्याची गरज वाटत नाही. आपण मात्र नकाशा समोर ठेवून, पाण्याच्या वाटेने या मुलुखात शिरू. हा प्रदेश नदी आणि समुद्राने घडवला आहे, म्हणून तो होडीतूनच नीट कळतो.

सेव्हिलचा घाट

सुरुवात सेव्हिलपासून, म्हणजे अरबांच्या इश्बिलियापासून. शहराला लागून वाहणाऱ्या नदीचे आजचे नाव ग्वादल्किविर. ते ‘वादी अल-कबीर’ या अरबी नावाचेच स्पॅनिश रूप आहे, अर्थ ‘मोठी नदी’. हीच नदी वरच्या अंगाला कुर्तुब्याच्या मशिदीजवळून वाहत येते. अल्लामा इक्बाल 1933 मध्ये तिथे गेले होते. त्यांच्या ‘मस्जिद-ए-कुर्तुबा’ या नज्मच्या शेवटी ते याच नदीशी बोलतात आणि तिला ‘कबीर’ या नावानेच हाक मारतात.

समुद्र सेव्हिलपासून सुमारे 80-90 किलोमीटर दूर आहे, तरीही मोठी जहाजे इथवर येतात. हा जलमार्ग जसा व्यापाराचा तसाच हल्ल्यांचाही. 844 मध्ये उत्तरेकडचे व्हायकिंग याच वाटेने आले आणि त्यांनी शहर लुटले. पुढे मुवह्हिदांनी 1220-21 मध्ये काठावर बारा बाजूंचा बुरूज बांधला. ‘सोन्याचा बुरूज’ या नावाने तो आजही उभा आहे आणि त्याच्याजवळून पर्यटकांच्या होड्या सुटतात.

याच घाटावर आपल्या प्रश्नाचे पहिले खरे उत्तर सापडते. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला सेव्हिलमध्ये इब्न अब्दून नावाच्या जाणकाराने शहराच्या कारभारावर एक ग्रंथ लिहिला. बाजार, मापे, कारागीर, नावाडी, सगळ्यांसाठी त्यात नियम आहेत. त्यातला एक नियम असा की, ख्रिश्चनांकडून मद्य विकत आणायला भांडे घेऊन निघालेल्या माणसाला नावाड्याने नदीपार नेऊ नये. कोणी सापडला तर भांडे फोडावे आणि नावाड्याला शिक्षा करावी.

या एका नियमातून किती गोष्टी कळतात पाहा. मद्य निषिद्ध होते आणि शहराचा कारभार पाहणाऱ्यांना त्याची काळजी होती. ख्रिश्चन शेजारी ते बनवत आणि विकत. काही मुसलमान ते आणायला जात, आणि तेही होडीने! कोणी जातच नसते तर नियम करावा लागला नसता. सगळेच बिनधास्त पीत असते तरीही नियम करावा लागला नसता. खरा समाज या दोन टोकांच्या मधे जगत होता.

दरबाराची गोष्ट वेगळी होती. सेव्हिलचा कवी-राजा अल-मुतमिद (कारकीर्द 1069 ते 1091) याच्या शायरीत मद्याचे प्याले उघडपणे येतात. नदीकाठी त्याने म्हटलेला अर्धा शेर एका धुणे धुणाऱ्या स्त्रीने पूर्ण केला आणि पुढे तीच त्याची राणी इतिमाद झाली, अशी कथा सांगतात. 1091 मध्ये मुराबितांनी सेव्हिल घेतले. राजाला कुटुंबासह जहाजात बसवून मोरोक्कोला नेले, तेव्हा दोन्ही काठांवर रडणाऱ्या लोकांची गर्दी होती. त्याच्या पदरी असलेल्या इब्न अल-लब्बाना या कवीने हे दृश्य मर्सियात नोंदवले आहे. 1095 मध्ये अल-मुतमिद मराकेशजवळच्या अगमात गावी कैदेतच वारला.

नदीमुखाशी

सेव्हिल सोडले की नदीच्या दोन्ही बाजूंना सपाट दलदलीचा प्रदेश लागतो. उजवीकडे दोन्याना हे पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेले राष्ट्रीय उद्यान, आणि मुखाशी डावीकडे सानलूकार हे गाव. 1519 मध्ये मॅगेलनची जहाजे इथूनच निघाली आणि 1522 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून एकच जहाज इथे परतले.

सानलूकार, एल पुएर्तो दे सांता मारिया आणि हेरेस या तीन गावांचा त्रिकोण म्हणजे शेरीचा प्रदेश. इथली माती चुनखडीची, पांढरीशुभ्र. हिवाळ्यातला पाऊस ती शोषून घेते आणि उन्हाळ्यात वरचा थर कडक होऊन आतली ओल राखते. म्हणून पावसाशिवायच्या कडक उन्हातही वेल तगतो. समुद्राचा दमट वारा आहेच. इथे द्राक्ष लावायला कोणत्याही धर्माची परवानगी लागली नसती. जमीनच द्राक्षाची आहे.

वेल मुसलमानांच्या कितीतरी आधीपासून इथे होता. समुद्रातून दक्षिणेला गेले की कादिझचे आखात लागते. फिनिशियन दर्यावर्दींनी वसवलेले हे बंदर युरोपातल्या सर्वांत जुन्या शहरांपैकी एक. रोमन काळात इथल्याच कोलुमेला नावाच्या लेखकाने शेतीवर ग्रंथ लिहिला आणि त्यात द्राक्षाला भरपूर जागा दिली. मुसलमानांनी ही परंपरा तोडली नाही. बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल-अव्वामने ‘किताब अल-फिलाहा’ हा शेतीचा मोठा ग्रंथ लिहिला. वेलाची लागवड, छाटणी, कलम यांची माहिती त्यातही आहे. 1154 मध्ये अल-इद्रीसीने आपला भूगोल पूर्ण केला, तेव्हा शरीशचे वर्णन करताना त्याने भोवतालचे द्राक्षमळे, जैतून आणि अंजिरांची झाडे नोंदवली.

बेदाण्याने वाचवलेले मळे

कादिझहून प्रवासी बोटीने आखात ओलांडले की एल पुएर्तो येते, तिथून हेरेस जवळच. इथे खलिफा अल-हकम दुसरा (कारकीर्द 961 ते 976) याची एक गोष्ट सांगितली जाते. हा पुस्तकांचा वेडा, कुर्तुब्याचे ग्रंथालय त्यानेच भरभराटीला आणले. मद्यपान थांबवायला त्याने राज्यातले द्राक्षवेल उपटायचा हुकूम काढला. हेरेसचे लोक सांगतात की, शेतकऱ्यांनी अर्ज केला : आमच्या बेदाण्यावर तुमचे सैनिक पोट भरतात. मग थोडेच वेल उपटले गेले. दुसऱ्या कथनात सल्लागारांनी खलिफाला सांगितले की, वेल उपटलेत तर लोक अंजिराचे मद्य काढतील. गोष्टीचे तपशील काहीही असोत, तिच्यामागचा पेच खरा आहे. फळ हलाल, त्याचे एक रूप हराम. एका रूपासाठी झाड कापायचे का?

सांगली-तासगावच्या बागायतदाराला हा अर्ज लगेच समजेल. ताजे द्राक्ष चार दिवसांचे, बेदाणा वर्षभराचा. ‘बेदाणा’ हा शब्दही फारसीतून आपल्याकडे आला आहे, अर्थ ‘बिनबियांचा’. ताजी द्राक्षे, मनुका, सिरका आणि आटवलेला रस, या सगळ्यांसाठी शरीशच्या मळ्यांची गरज होती. आटवलेल्या रसाला अरबीत ‘रुब्ब’ म्हणतात. आपल्याकडचे युनानी हकीमही हा शब्द वापरतात. स्पॅनिशमध्ये त्याचे ‘आरोपे’ झाले. सिरका तर प्रेषितांनी पसंत केलेले तोंडीलावणे. हेरेसचा सिरका आजही जगभर विकला जातो. ऊर्ध्वपातनाच्या भांड्याचे स्पॅनिश नाव ‘अलांबिके’ हेही अरबी ‘अल-अंबीक’वरून आले. गुलाबपाणी, अत्तर आणि औषधे काढायला अरब ते वापरत. नंतर युरोपने त्यातून ब्रँडी काढली.

नाव राहिले

1248 मध्ये कास्तिलियन आरमार नदीतून वर आले, त्यांनी त्रियानाचा होड्यांचा पूल तोडला आणि काही महिन्यांत सेव्हिल शरण आले. 1260च्या दशकात मुसलमानांचा उठाव मोडून राजा अल्फोन्सो दहावा याने शरीशही पूर्ण ताब्यात घेतले. मुसलमान ग्रानाडाकडे आणि आफ्रिकेकडे निघाले. त्यांची घरे नव्या वसाहतवाल्यांना वाटली गेली. शहर ग्रानाडाच्या सीमेवरचे ठरले, म्हणून त्याच्या नावात ‘सीमेवरचे’ ही शेपटी आजही आहे : हेरेस दे ला फ्रोन्तेरा. पुढे इंग्रजांना या मद्याची चटक लागली. 1587 मध्ये ड्रेकने कादिझवर हल्ला करून जहाजे जाळली आणि मद्याची पिंपे पळवली, तेव्हा लंडनमध्ये शेरीचा बोलबाला झाला.

पर्यटनाच्या माहितीपत्रकांत बहुधा एकच वाक्य असते : मुसलमान असूनही मळे टिकले. मला ते अपुरे वाटते. मळे टिकले ते शेतकऱ्याच्या पोटापाण्यामुळे, बेदाण्यामुळे, शेजारी राहणाऱ्या ख्रिश्चनांमुळे, चोरून पिणाऱ्यांमुळे आणि उघडपणे पिणाऱ्या दरबारांमुळेही. यातले एकही कारण गाळले तर चित्र खोटे होते.

वर्गात मुले विचारतात, ‘सर, आपले लोक चांगले होते की वाईट?’ या प्रश्नाला इब्न अब्दूनचा तो नियम चांगले उत्तर आहे. फर्मान लिहिणारा आपला होता. भांडे लपवून होडीत बसणाराही आपलाच होता. आणि दोघांना पाहून मुकाट वल्हे मारणारा नावाडीही. हेरेसच्या अल्काझार किल्ल्यात मुवह्हिदांच्या काळातली अष्टकोनी छोटी मशीद अजून उभी आहे. पुढे तिचे चर्च झाले. तिथे जाणाऱ्याने ती जरूर पाहावी. शहराबाहेरच्या पांढऱ्या मातीतले वेलही पाहावेत. दोन्ही एकाच इतिहासाचे साक्षीदार आहेत.