तबकडीची साक्ष
१८ जून १९६७ रोजी कॅलिफोर्नियातील मॉन्टेरेच्या महोत्सवात दुपारी पंडित रविशंकरांची सतार झाली आणि रात्री जिमी हेंड्रिक्सने स्वतःची गिटार पेटवली. वाद्याला वंदन करणाऱ्या परंपरेतील पंडितजींना ते रुचले नाही. मीही केवळ छायाचित्र पाहून हेंड्रिक्सविषयी मत बनवले होते, हे कबूल करतो. ऑगस्ट १९७० मध्ये निघालेल्या तबकडीत त्याच्या वाट्याला एकच बाजू, चारच गाणी आली. दुसरी बाजू ओटिस रेडिंगची. महिन्याभरात हेंड्रिक्स निवर्तला. सर्व नऊ गाण्यांसह ही मैफल २००७ साली पुन्हा निघाली, तेव्हा माझे मत मला मोडावे लागले. ज्वाळा तबकडीवर उमटत नाहीत. उमटते ती ‘द विंड क्राइज मेरी’मधील संयत, हळवी बोटे. १९७० च्या निवडीत नेमके हेच गाणे नव्हते.