पहिला पाऊस आणि शिवनाथ

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार १९५५ साली झाला, तेव्हा दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूरहून चालत असे. पुढल्याच वर्षी प्रांतरचना बदलली. आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. हा इतिहास नोकरीनिमित्त येथे आलेल्या आम्हां मराठी मंडळींना पाठ आहे. त्याला जोडून घडलेल्या सांडपाण्याच्या इतिहासाकडे मात्र आमचे लक्ष क्वचितच जाते.

भिलाईला पाणी मिळते ते मुख्यतः तांदुळा जलाशयातून, आणि तांदुळा ही शिवनाथेची उपनदी. गावाच्या पश्चिमेस शिवनाथ, पूर्वेस खारून. खारूनही सिमग्याजवळ शिवनाथेलाच मिळते. तेव्हा येथील नाला कोणत्याही दिशेस वळो, अखेरचा हिशेब शिवनाथेकडेच जातो.

पावसाळ्यात नदी आपोआप धुऊन निघते, असा आपला पिढीजात समज आहे. तो अर्धाच खरा होय. उन्हाळाभर गटारांत आणि नाल्यांत गाळ साचत असतो. पहिली जोराची सर येताच हा सारा साठा एकदम उसळून नदीत येतो, आणि त्या वेळी नदीचे पात्र अद्याप भरलेले नसते. घाण कुजविणारे जंतू पाण्यातील प्राणवायू शोषून घेतात. मासे मरतात, आणि विष्ठेतील रोगजंतू खालच्या गावांच्या घाटापर्यंत पोचतात.

हा अनुभव प्रथम शास्त्रशुद्ध रीतीने इंग्लंडने घेतला. लंडनमध्ये १८१५ नंतर घरोघरची घाण पावसाच्या गटारांत सोडण्यास मुभा मिळाली, आणि १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंटचे कामकाजही कठीण झाले. बॅझलजेट या अभियंत्याने मोठे भुयारी नळ बांधले. परंतु अतिवृष्टीत ते फुटू नयेत म्हणून नदीकडे सांडमार्ग ठेवले. लोकसंख्या वाढली तसे ते सांडमार्ग थोड्या पावसातही वाहू लागले. ते आवरण्यासाठी बांधलेला सुमारे २५ किलोमीटरचा बोगदा २०२५ साली पूर्णपणे जोडला गेला.

आपल्याकडे नवी नगरे आखताना मैल्याचे नळ आणि पावसाची गटारे निराळी ठेवण्याचे तत्त्व पुस्तकात मान्य आहे. तथापि आखीव सेक्टरांच्या भोवती वस्ती वाढत जाते, उघडे नाले हीच तिची मोरी होते, आणि कागदावर विभक्त असलेली व्यवस्था जमिनीवर एक होऊन बसते. १९७४ चा जलप्रदूषण कायदा आला, शुद्धीकरणाची केंद्रे आली. परंतु केंद्राची क्षमता कोरड्या दिवसांच्या प्रवाहावर बेतलेली असेल, तर पावसाळी लोंढा तिला टाळूनच नदीला जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तींत छत्तीसगडचे पाच होते. त्यांत खारून आणि शिवनाथ या दोन्ही नद्या आहेत.

स्नानयोग्य पाण्यात प्रतिलिटर किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असे आपले मान आहे. हे मोजमाप संथ हिवाळ्यात घेतले तर मनास समाधान मिळेल. सत्य मात्र पहिल्या पावसाच्या दिवशी कळेल. वाचकांपैकी अनेकांच्या हाती नगरांचा कारभार आहे. पोलादाचे टन मोजणाऱ्या गावाने हे मिलिग्रॅमही मोजावेत, आणि तेही त्याच दिवशी मोजावेत. कारण खालच्या गावांस नदीचे पाणी निवडून घेता येत नाही.