ग्रंथपरीक्षण

ग्रंथपरीक्षण (अथवा पुस्तक परीक्षण) म्हणजे एखाद्या पुस्तकाचा आशय, रचना आणि भाषा यांची ओळख करून देऊन त्याच्या गुणदोषांविषयी सकारण मत मांडणारे लेखन होय. ते बहुधा नव्या पुस्तकाविषयी असते आणि ज्याने ते पुस्तक अद्याप वाचलेले नाही अशा वाचकासाठी लिहिले जाते. निर्णयाइतकेच त्यामागील कारणांना परीक्षणात महत्त्व असते.

संज्ञा

मराठी नियतकालिकांत पुस्तकाची दखल घेण्याचे निरनिराळे प्रकार रूढ आहेत. ‘साभार पोच’ या सदरात अभिप्रायार्थ आलेल्या पुस्तकांची केवळ नोंद असते. ‘परिचया’त आशयाची माहिती प्रमुख व मूल्यनिर्णय गौण असतो. ‘परीक्षणा’त माहिती आणि मूल्यनिर्णय दोन्ही अपेक्षित असतात. ‘समीक्षा’ ही अधिक व्यापक संज्ञा आहे. समीक्षक वाचकाने कलाकृती वाचलेली आहे असे गृहीत धरू शकतो, त्यामुळे कथेचा शेवट सांगणे त्याला वर्ज्य नसते.

इतिहास

जानेवारी १६६५ मध्ये पॅरिस येथे सुरू झालेल्या ‘झुर्नाल दे साव्हाँ’ या नियतकालिकात नव्या ग्रंथांचा परिचय दिला जात असे. लंडनचे ‘मंथली रिव्ह्यू’ (१७४९) आणि स्कॉटलंडमधील ‘एडिंबरो रिव्ह्यू’ (१८०२) यांनी इंग्रजीत परीक्षणाला स्थैर्य दिले. १८१८ मध्ये ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’त जॉन कीट्सच्या ‘एंडिमियन’ या काव्यावर कठोर टीका प्रसिद्ध झाली. काव्याच्या चार भागांपैकी पहिल्याच्या पुढे आपण जाऊ शकलो नाही, हे टीकाकार जॉन विल्सन क्रोकर याने त्याच लेखात मान्य केले होते. अन्याय्य परीक्षणाचे उदाहरण म्हणून हा प्रसंग आजही सांगितला जातो. इंग्लंडमध्ये निनावी परीक्षणांची प्रथा दीर्घकाळ टिकली. ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’ने ती १९७४ मध्ये सोडली.

मराठीत ‘विविधज्ञानविस्तार’ (१८६७) या मासिकाने ग्रंथपरीक्षणाला नियमित स्थान दिले. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी ‘निबंधमाले’तून (१८७४) समकालीन ग्रंथकारांवर परखड टीका केली. मात्र जोतीराव फुले यांच्या लेखनावरील त्यांच्या टीकेत भाषा व व्याकरण यांचा उपहास ठळक आहे. पुढील काळातील अनेक अभ्यासकांनी ती एकांगी मानली. स्वातंत्र्योत्तर काळात वसंत दावतर यांचे ‘आलोचना’ (१९६२) आणि केशवराव कोठावळे यांचे ‘ललित’ (१९६४) ही मासिके या क्षेत्रात महत्त्वाची ठरली.

पद्धती

परीक्षणात साधारणपणे पुस्तकाचा विषय व प्रकार, लेखकाचा हेतू, तो साधण्याची रीत, भाषाशैली, उणिवा आणि पुस्तक कोणत्या वाचकास उपयोगी पडेल या गोष्टी येतात. अमेरिकन लेखक जॉन अपडाइक यांनी १९७५ मध्ये ‘पिक्ट-अप पीसेस’ या संग्रहाच्या प्रस्तावनेत परीक्षकासाठी काही नियम दिले. लेखकाने जे करण्याचा प्रयत्नच केला नाही त्याबद्दल त्याला दोष देऊ नये, वाचकाला स्वतः पारख करता येईल इतके उतारे द्यावेत, कथानक उघड करू नये, आणि ज्या पुस्तकाविषयी आधीच नावड आहे किंवा ज्याच्या लेखकाशी मैत्री आहे ते परीक्षणास घेऊ नये, असा त्यांचा आशय आहे.

गुणांकन

पुस्तकाचा दर्जा चिन्हाने दाखवण्याची रीत समाजमाध्यमांच्या बरीच आधीची आहे. अमेरिकन संपादक एडवर्ड ओब्रायन यांनी १९१५ च्या निवडक कथांच्या वार्षिकात कथांची प्रतवारी तारकाचिन्हांनी केली होती. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९३९ मधील ‘रिव्ह्यूइंग’ या निबंधात असे सुचवले की, परीक्षणाऐवजी पुस्तकाचा गोषवारा द्यावा आणि पसंती वा नापसंतीचे एक चिन्ह छापावे.

आज पाच ताऱ्यांची पद्धत सर्वत्र प्रचलित आहे. ती झटपट निवडीस सोयीची असली, तरी तिला मर्यादा आहेत. तीन तारे म्हणजे एकाच्या लेखी ‘आवडले’, तर दुसऱ्याच्या लेखी ‘सामान्य’. शब्दकोश, पाककृतींचे पुस्तक आणि कवितासंग्रह यांना दिलेल्या तीन ताऱ्यांची परस्परांशी तुलना होत नाही. सरासरीही फसवी ठरू शकते. निम्म्या वाचकांनी पाच व निम्म्यांनी एक तारा दिलेले वादग्रस्त पुस्तक आणि सर्वांनी तीन तारे दिलेले पुस्तक यांची सरासरी सारखीच येते. या कारणाने काही परीक्षक तारे देत नाहीत, तर काही आपले निकष आधी जाहीर करतात.

परीक्षकाची वृत्ती

राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ या संस्कृत ग्रंथात काव्याच्या भावकांचे, म्हणजे रसिक परीक्षकांचे, चार प्रकार सांगितले आहेत. ‘अरोचकी’स काहीच रुचत नाही. ‘सतृणाभ्यवहारी’ गवतासकट सारेच गिळतो, म्हणजे बरेवाईट निवडत नाही. ‘मत्सरी’स गुण दिसले तरी तो मौन पाळतो. ‘तत्त्वाभिनिवेशी’ मात्र काव्याचे मर्म शोधतो, आणि असा भावक हजारांत एखादाच आढळतो, असे राजशेखर म्हणतो.

हे सुद्धा पहा

साहित्यसमीक्षा
काव्यमीमांसा
निबंधमाला
विविधज्ञानविस्तार